तंत्रज्ञान, ग्राहक आणि दाद मागण्याचा हक्क

(रुआबांधा, भिलाई येथे मराठीभाषक पक्षसदस्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

आजचा विषय दूरसंचार, इंटरनेट आणि ग्राहकांचे हक्क हा आहे. पोलाद कारखान्याच्या वसाहतीत या विषयाचे काय प्रयोजन, असे कोणास वाटेल. परंतु तंत्रज्ञानाच्या धोरणाची चर्चा करण्यास भिलाईइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल. कारण हे शहरच एका धोरणाचे अपत्य आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि चार वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. साहाय्य परकीय होते, पण कारखान्याची मालकी देशाची राहिली. भारतीय अभियंत्यांनी आणि कामगारांनी ते तंत्र आत्मसात केले आणि येथे तयार झालेले रूळ देशभरच्या लोहमार्गांवर पडले. १९५६ पर्यंत छत्तीसगढ आणि नागपूर एकाच प्रांतात होते. त्या जुन्या संबंधाने नागपूर-वऱ्हाडकडून आलेली अनेक मराठी कुटुंबे याच उभारणीत मिसळून गेली. तंत्र मिळविणे आणि ते आपल्या हाती ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा भिलाईचा पहिला धडा होय.

दुसरा धडा या कारखान्याला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणींनी दिला. तेथील कंत्राटी कामगारांनी १९७७ मध्ये छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ स्थापन केला. त्याच वर्षी जूनच्या प्रारंभी पोलिसांच्या गोळीबारात कामगारांचे बळी गेले. पुढे खाणींच्या संपूर्ण यांत्रिकीकरणाचा प्रस्ताव आला, तेव्हा शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील या संघटनेने यंत्राला सरसकट विरोध केला नाही. यंत्र यावे, उत्पादन वाढावे, पण माणसांचा रोजगार टिकावा, अशा अर्ध-यांत्रिकीकरणाचा पर्याय तिने व्यवस्थापनापुढे ठेवला. दक्षिणेकडे बैलाडिला येथे काय घडले, याचे उदाहरण ताजे होते. तेथे यांत्रिकीकरणाच्या ओघात कंत्राटी कामगारांवर कपातीची कुऱ्हाड कोसळली होती आणि ५ एप्रिल १९७८ रोजी गोळीबार झाला होता. २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगींची हत्या याच भिलाईत झाली. त्यांच्या राजकीय भूमिकेविषयी मतभेद असणाऱ्यांनाही एवढे मान्य करावे लागेल की, त्या खाणकामगारांनी विचारलेला प्रश्न अचूक होता : यंत्र येणार हे खरे, पण ते कोणाच्या अटींवर?

हाच प्रश्न आज इंटरनेटच्या बाबतीत विचारावयाचा आहे.

स्वावलंबन आणि माघार

दूरसंचाराच्या क्षेत्रात स्वतंत्र भारताने प्रारंभी स्वावलंबनाचा मार्ग धरला होता. १९४८ मध्ये बंगळूर येथे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा सरकारी कारखाना उभा राहिला. ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट ही संशोधन संस्था स्थापन झाली. खेड्यातील उष्णता, धूळ आणि विजेचा लपंडाव सहन करू शकेल, वातानुकूलित खोलीवाचून चालू शकेल, असे लहान स्वयंचलित दूरध्वनी केंद्र तिच्या तरुण अभियंत्यांनी तयार केले. १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे ते कार्यान्वित झाले. आयात केलेली यंत्रणा भारतीय खेड्याला मानवत नसेल, तर खेड्याला मानवेल अशी यंत्रणा निर्माण करावी, हा त्यामागील विचार होता.

तथापि, त्या काळाचे चित्र रंगवून सांगण्याचे कारण नाही. १९८० च्या दशकात दूरध्वनीची जोडणी मिळण्यासाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत तिष्ठावे लागे. बिल अवाच्या सवा आले, तर तक्रार कोणाकडे करावी हे सामान्य माणसास उमगत नसे. सार्वजनिक क्षेत्रातील नोकरशाहीच्या या बेपर्वाईने जनतेच्या मनात जो रोष साचला, त्याचाच लाभ पुढे खासगीकरणाच्या पुरस्कर्त्यांना झाला.

१९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने खासगी भांडवलाला दार उघडले. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री कॉ. ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी देशातील पहिले मोबाइल संभाषण केले. पंधरवड्यानेच, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. म्हणजे देशाला इंटरनेट दिले ते सार्वजनिक क्षेत्राने. त्याच विदेश संचार निगमचे व्यवस्थापन २००२ मध्ये भागविक्रीद्वारे टाटा समूहाकडे सोपविण्यात आले.

ऑक्टोबर २००० मध्ये दूरसंचार खात्याच्या सेवा भारत संचार निगमकडे आल्या. या कंपनीची पुढे जी वाताहत झाली, तीस केवळ 'अकार्यक्षमता' हे नाव देणे म्हणजे वस्तुस्थितीवर पडदा टाकणे होय. २०१६ च्या सप्टेंबरात रिलायन्स जिओने फोर-जी सेवेसह बाजारात प्रवेश केला. भारत संचार निगमला फोर-जी स्पेक्ट्रम देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला तो ऑक्टोबर २०१९ मध्ये. स्पर्धकांच्या हाती नवे शस्त्र आणि सरकारी कंपनीच्या हाती जुने, अशी ही शर्यत होती. ३१ जानेवारी २०२० रोजी एकाच दिवशी तिचे ७८ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीच्या नावाखाली बाहेर पडले. अखेर सी-डॉट, तेजस नेटवर्क्स आणि टाटा कन्सल्टन्सी यांनी देशात घडविलेल्या यंत्रणेवर तिची फोर-जी सेवा देशभर सुरू झाल्याची घोषणा २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाली. देशात तंत्र घडविण्याची क्षमता आहे, हे त्यातून सिद्ध झाले. आणि ती क्षमता किती वर्षे खुंटीला टांगून ठेवली गेली, हेही.

अठ्ठावीस दिवसांचा महिना

आता ग्राहकाकडे वळू. प्रीपेड मोबाइल वापरणाऱ्याला एक विचित्र पंचांग पाळावे लागते. त्याचा महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो. वर्षाचे बारा महिने, पण रिचार्ज तेरा. पगार महिन्याला एकदा आणि खर्च अठ्ठावीस दिवसांनी, हा हिशेब कंत्राटी कामगाराच्या घरात किती बोचतो, हे भिलाईत सांगावयास नको. ग्राहकांच्या तक्रारींनंतर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला की प्रत्येक कंपनीने तीस दिवसांची किमान एक योजना आणि दरमहा त्याच तारखेला नूतनीकरण होणारी किमान एक योजना ठेवावी. अठ्ठावीस दिवसांच्या योजना मात्र बंद झाल्या नाहीत.

मोबाइल सेवेचे दर ठरविण्याची मुभा नियामकाने कंपन्यांना दिलेली आहे. स्पर्धा हीच ग्राहकाची संरक्षक ठरेल, असे त्यामागील गृहीतक. परंतु स्पर्धा उरली किती? २०२१ च्या अखेरीस आणि पुन्हा जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढविले. २०२४ च्या वाढीची घोषणा तर तिघींनी दोन दिवसांच्या आत केली. त्यानंतर जे घडले ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. भारत संचार निगमने दर वाढविले नव्हते. पुढील काही महिने तिची ग्राहकसंख्या वाढत गेली. कोणत्याही जाहिरातीवाचून सामान्य ग्राहकाने ओळखले की, सरकारी कंपनी टिकणे ही त्याच्या स्वतःच्या खिशाची बाब आहे. तथापि, जाळे अपुरे असल्याने हा ओघ टिकला नाही. सार्वजनिक पर्याय दुबळा ठेवला की खासगी कंपन्यांना दर वाढविण्यास रान मोकळे होते.

सत्तेची माया कोणावर आहे, हेही पाहावे. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सरकारची महसुली थकबाकी भरण्यास कंपन्यांना फर्मावले. सप्टेंबर २०२१ मध्ये सरकारने त्यांना चार वर्षांची सवलत दिली. व्होडाफोन आयडियाच्या बाबतीत तर देण्याचे रूपांतर भागभांडवलात करण्यात आले आणि २०२५ च्या एप्रिलपर्यंत त्या कंपनीत सरकारचा हिस्सा सुमारे ४९ टक्क्यांवर गेला. हजारो कोटींच्या देण्याला चार वर्षे. आणि ज्याच्या रिचार्जची मुदत काल रात्री बारा वाजता संपली, त्या मजुराचे संभाषण आज सकाळी बंद!

बंद राहिलेले दार

ग्राहकाला दाद मागण्याचा हक्क आहे काय? ग्राहक संरक्षण कायदा १९८६ मध्ये झाला. त्याने जिल्ह्याजिल्ह्यांत ग्राहक मंच आणले. वकिलावाचून, अल्प खर्चात सामान्य माणसाने तेथे जावे हा हेतू होता. परंतु दूरध्वनीच्या ग्राहकासाठी हे दार दीर्घकाळ बंद राहिले, आणि ते कोणी बंद केले हा इतिहास कार्यकर्त्यांनी मुळातून समजून घेतला पाहिजे.

ब्रिटिश राजवटीच्या १८८५ च्या तार कायद्यात '७-ब' हे कलम होते. दूरध्वनीच्या जोडणीविषयी वा यंत्रणेविषयी तंटा झाल्यास तो केंद्र सरकारने नेमलेल्या लवादापुढे जावा आणि त्या लवादाचा निर्णय अंतिम असावा, असे ते सांगे. १ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका प्रकरणात या कलमावर बोट ठेवून निर्णय दिला की, असे तंटे ग्राहक मंचापुढे चालू शकत नाहीत. प्रकरण सरकारी दूरध्वनी खात्याचे होते. ही ढाल सरकारी खात्याने पुढे केली होती. खात्याच्या अधिकाऱ्यांना वाटले असेल, आपण सार्वजनिक संस्थेचे रक्षण केले. परंतु त्या ढालीचा उपयोग पुढे कोणाला झाला?

अहमदाबादच्या एका ग्राहकाचे मोबाइलचे बिल महिन्याला सरासरी ५५५ रुपये येत असे. २०१३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरातील एका महिन्याचे बिल त्याला आले २४,६०९ रुपये. त्याने २०१४ मध्ये जिल्हा ग्राहक मंचाकडे तक्रार नोंदविली. व्होडाफोन कंपनीने उत्तर दिले : १८८५ च्या कायद्यानुसार मंचाला हा तंटा ऐकण्याचा अधिकारच नाही. सरकारी खात्याने घडविलेली ढाल बहुराष्ट्रीय कंपनीच्या हाती आयती आली. जिल्हा मंच, राज्य आयोग, राष्ट्रीय आयोग आणि सर्वोच्च न्यायालय, असा या एका मुद्द्याचा प्रवास झाला. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, तार कायद्याच्या त्या कलमामुळे ग्राहकाचा हक्क हिरावला जात नाही. ग्राहकाचा विजय झाला, पण कशाचा विजय? बिल बरोबर होते की चूक, याचा नव्हे. ते ऐकले जावे एवढ्याचाच. त्यासाठी आठ वर्षे लागली.

या प्रकरणातून निघणारा निष्कर्ष श्रमिक चळवळीने मनावर कोरून घ्यावयास हवा. सार्वजनिक संस्थेचे संरक्षण तिच्या उत्तरदायित्वातून होते, उत्तरदायित्वापासून सुटका मिळाल्याने नव्हे. जी संस्था जनतेच्या नावाने चालते, तिने जनतेला जाब देण्याची सर्वांत सोपी वाट ठेवली पाहिजे. ती वाट तिने बुजविली की तोच पायंडा खासगी मालक उचलतो.

आज कायद्याची स्थिती अधिक स्पष्ट आहे. २०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेच्या व्याख्येत दूरसंचाराचा स्पष्ट उल्लेख आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने तक्रारींची नवी व्यवस्था आखताना ग्राहक कायद्याखालील हक्क अबाधित ठेवला आहे. तक्रार प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्राकडे करावयाची आणि तिचा क्रमांक जपून ठेवावयाचा. समाधान न झाल्यास तीस दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जावयाचे. ट्राय वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करीत नाही, हे ध्यानात ठेवावे, म्हणजे व्यर्थ अर्ज लिहिण्यात दिवस जाणार नाहीत. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. रुआबांध्याच्या रहिवाशाला तो दुर्ग येथे आहे. कंपनीचे मुख्यालय मुंबईत असो की दिल्लीत, तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो तेथेच तक्रार करण्याची सोय २०१९ च्या कायद्याने केली आहे. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. याशिवाय ट्रायच्या २०२४ च्या नियमांनी ठरविले आहे की, जिल्ह्यातील सेवा चोवीस तासांहून अधिक काळ बंद पडल्यास पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेड ग्राहकाला मुदतवाढ मिळावी. हा हक्क मागणारे पुढे आले नाहीत, तर तो कागदावरच राहील.

जेथे ग्राहक संपतो

परंतु कॉम्रेड्स, येथेच थांबले तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. ग्राहक संरक्षण कायदा मोबदला देणाऱ्याचा कायदा आहे. विनामूल्य दिलेली सेवा त्याच्या व्याख्येतून वगळलेली आहे. आणि इंटरनेटचा जाच सर्वाधिक होतो तो नेमका ज्यांच्या हाती मोबदला नाही त्यांना.

शिधावाटप दुकानातील यंत्रावर अंगठा जुळला नाही, किंवा जोडणी नसल्याने यंत्र चालले नाही, तर धान्य अडते. जानेवारी २०२३ पासून अन्न सुरक्षा कायद्याखालील धान्य विनामूल्य आहे. तेव्हा ते नाकारले गेले तर ग्राहक म्हणून दाद मागण्याचा पाया डळमळीत होतो. २०१७ च्या सप्टेंबरात शेजारच्या झारखंडमधील सिमडेगा जिल्ह्यात एक अकरा वर्षांची मुलगी दगावली. आधार न जोडल्यामुळे शिधापत्रिका रद्द झाली आणि ती उपासमारीने गेली, असे कुटुंबाने सांगितले. प्रशासनाने आजाराचे कारण पुढे केले. त्यानंतर ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्र सरकारला आदेश काढावा लागला की, आधार वा अंगठ्याच्या अभावी कोणाचेही धान्य नाकारू नये. हा आदेश प्रत्येक शाखेच्या दप्तरी असावयास हवा. रोजगार हमीच्या कामांवरही जानेवारी २०२३ पासून मोबाइलवरील छायाचित्राने हजेरी नोंदविणे सक्तीचे झाले. ज्या शिवारात जोडणी मिळत नाही, तेथे घाम गाळलेला मजूर नोंदीत गैरहजर ठरण्याचा धोका त्यातून उद्भवला. यंत्र बंद पडते तेव्हा चूक यंत्राची असते, पण शिक्षा मजुराला होते; हा उलटा न्याय धोरणातच अंतर्भूत आहे.

धोरण वेगळे असू शकते, याचे पुरावेही दूर शोधावे लागत नाहीत. छत्तीसगढमध्ये २०१० साली 'सीजीनेट स्वर' हा उपक्रम सुरू झाला. साध्या दूरध्वनीवरून गोंडीसारख्या भाषेत आपली तक्रार वा बातमी बोलून नोंदवावी आणि इतरांनी ती ऐकावी, अशी ही योजना. वाचता न येणारा आदिवासीही तिच्यात वार्ताहर झाला. महासाथीच्या काळात, २०२० मध्ये, जेथे इंटरनेट नव्हते तेथे राज्यातील शिक्षकांनी 'बुलटू के बोल' या नावाने ध्वनिमुद्रित पाठ ब्लूटूथद्वारे साध्या फोनवर पोहोचविले. आणि राज्याच्या पातळीवरील उदाहरण केरळचे आहे. तेथील डाव्या आघाडीच्या सरकारने इंटरनेट हा नागरिकाचा मूलभूत हक्क मानून ५ जून २०२३ रोजी के-फॉन ही सार्वजनिक योजना सुरू केली. वीस लाख दरिद्री कुटुंबांना विनामूल्य जोडणी देण्याचे तिचे उद्दिष्ट घोषित झाले. उद्दिष्ट आणि अंमलबजावणी यांतील अंतर तेथेही मोजले गेले पाहिजे. सार्वजनिक योजना आपल्या बाजूच्या सरकारची असली, म्हणून तिला हिशेबातून सूट मिळत नाही.

पुढील कार्य

या विवेचनातून काही निश्चित मागण्या निघतात. भारत संचार निगमला तंत्रज्ञानाच्या प्रत्येक नव्या टप्प्यात खासगी कंपन्यांच्या बरोबरीने, विलंबावाचून स्पेक्ट्रम आणि भांडवल मिळावे. दूरसंचार कंपन्यांकडून सार्वत्रिक सेवेसाठी जो निधी गोळा होतो आणि ज्याला आता डिजिटल भारत निधी म्हणतात, त्याचा गावनिहाय हिशेब ग्रामसभेपुढे ठेवला जावा. महिना म्हणजे महिना, हा नियम सर्व योजनांना लागू व्हावा. आणि धान्य, मजुरी, निवृत्तिवेतन यांपैकी काहीही केवळ यंत्र वा जोडणी चालली नाही म्हणून अडू नये. कागदी नोंदीचा पर्याय प्रत्येक ठिकाणी कायद्याने बंधनकारक असावा.

परंतु मागण्यांचे निवेदन देऊन काम संपत नाही. प्रत्येक शाखेने एक वही घालावी. सेवा केव्हा बंद पडली, किती तास, तक्रार क्रमांक कोणता, उत्तर काय आले; शिधा कोणत्या दिवशी, कोणत्या कारणाने नाकारला गेला, हे सर्व तिच्यात तारीखवार लिहिले जावे. एका माणसाची तक्रार कंपनीला उपद्रव वाटते. शंभर घरांची, तारखांसह मांडलेली तक्रार आयोगापुढे पुरावा ठरते. दूरसंचार कर्मचाऱ्यांच्या संघटनांना या कामात सोबत घ्यावे, कारण तारेच्या एका टोकाला काम करणारा आणि दुसऱ्या टोकाला बिल भरणारा यांना परस्परांविरुद्ध उभे करणे हीच मालकवर्गाची आजवरची युक्ती राहिली आहे.

दल्ली-राजहराच्या खाणकामगारांपैकी अनेकांना अक्षरओळख नव्हती. तरीही यंत्राच्या अटींविषयी त्यांनी व्यवस्थापनाशी वाद घातला. इंटरनेटच्या बाबतीत ते कार्य आज सुशिक्षित, संघटित कामगारांपुढे आहे. रुआबांध्यातील पहिली वही येत्या महिन्यात उघडली जावी, आणि तो महिना तीस दिवसांचा धरावा.